साल्सा नृत्याचा प्राथमिक धडा आणि महाराष्ट्रातील नृत्यशिक्षणाची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नृत्यकलेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा सिद्ध कलावंत, घराणी आणि राजाश्रय यांकडे जाते. शिकाऊ व्यक्तीची नोंद इतिहासात क्वचितच केली जाते. वस्तुतः एखादी कला समाजात कितपत रुजली आहे, हे तिच्यात नव्याने पाऊल टाकण्याची मुभा कोणाला आहे आणि त्या व्यक्तीला पहिला धडा कसा दिला जातो, यावरून अधिक नेमकेपणाने कळते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई व पुणे या शहरांत साल्सा या लॅटिन अमेरिकन युगुलनृत्याचे वर्ग सुरू झाले. २००५ मधील ‘नच बलिये’ व २००६ मधील ‘झलक दिखला जा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी युगुलनृत्याच्या स्पर्धा घरोघरी पोहोचविल्या आणि महाविद्यालयीन तरुणांमध्ये या नृत्यप्रकारांविषयी कुतूहल वाढले. या नृत्याकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एका भूमिकेनुसार ते परकीय व उथळ अनुकरण होय. दुसऱ्या भूमिकेनुसार ते पूर्णतः नवे असून त्याचा येथील परंपरेशी काहीही संबंध नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची ऐतिहासिक आधारे तपासणी केली आहे. साल्साचा प्राथमिक धडा कसा घडला, महाराष्ट्रात नृत्याचा नवशिका होण्याचा अधिकार कोणाला होता आणि आजच्या नवशिक्याला या दोन्ही इतिहासांतून काय घेता येईल, या तीन प्रश्नांभोवती लेखाची मांडणी केली आहे.

१. साल्सा : नृत्याचा आणि त्याच्या धड्याचा इतिहास

साल्साचे मूळ क्युबा बेटावरील ‘सोन’ या संगीतप्रकारात आहे. ऊस व तंबाखूच्या मळ्यांवर आणलेल्या आफ्रिकी गुलामांची तालपरंपरा आणि स्पॅनिश वसाहतकारांची तंतुवाद्ये व गीतपद्धती यांच्या मिश्रणातून पूर्व क्युबात हा प्रकार आकारास आला. क्युबात गुलामगिरीची प्रथा १८८६ मध्ये संपुष्टात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सोन’ हवाना शहरात पोहोचला. या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’ होय. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून दोन आवर्तनांत मिळून पाच आघात दिले जातात. एका आवर्तनात तीन व दुसऱ्यात दोन अशी त्यांची विभागणी असते. इतर सर्व वाद्ये या पाच आघातांचे बंधन पाळतात.

१९३० नंतर क्युबन संगीत न्यूयॉर्कमध्ये लोकप्रिय झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील पॅलेडियम नृत्यगृहात ‘माम्बो’ नाचला जाऊ लागला. माचितो, तितो पुएन्ते व तितो रोद्रिगेस यांचे वाद्यवृंद तेथे गाजले. मात्र माम्बोचा उलटा पडणारा ठेका सामान्य नर्तकांना झेपत नसे. क्युबातील व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन यांनी ही अडचण हेरली आणि नर्तकांना पाऊल सहज टाकता येईल अशा रीतीने ठेक्याची रचना सोपी केली. त्यातून १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘चा-चा-चा’ हा प्रकार जन्मास आला. नवशिक्यांच्या अडचणीमुळे संगीतच बदलल्याचे हे उदाहरण आहे.

१९५९ च्या क्युबन क्रांतीनंतर अमेरिका व क्युबा यांचे संबंध तुटले. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन व इतर स्थलांतरितांनी हे संगीत पुढे चालविले. १९६४ मध्ये जॉनी पाचेको व जेरी मासुच्ची यांनी ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली आणि १९७० च्या दशकात ‘साल्सा’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. स्पॅनिश भाषेत साल्सा म्हणजे चटणीसारखे कालवण. अनेक घटक एकत्र कालवून झालेल्या या प्रकाराला ते नाव शोभते. तथापि स्वतः तितो पुएन्ते यांना हे नाव मान्य नव्हते. जुन्याच संगीताला बाजारासाठी दिलेले हे लेबल आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या नृत्याचा वर्गात शिकविण्याजोगा धडा तयार होण्यास आणखी काही काळ जावा लागला. घरातील समारंभात व मोहल्ल्यातील मेळाव्यात लहान मुले मोठ्यांचे पाहून नाचत. त्यांना अंक मोजण्याची गरज भासत नसे. परंतु त्या समाजाबाहेरील माणूस शिकू लागला तेव्हा अंकांची गरज निर्माण झाली. युरोपीय समाजनृत्यांबाबत हे आधीच घडले होते. लंडन येथे १९०४ मध्ये नृत्यशिक्षकांची संघटना स्थापन झाली होती आणि पुढे पिएर नावाच्या शिक्षकांनी क्युबाला जाऊन लॅटिन नृत्यांचे नियम इंग्लंडमध्ये प्रमाणित केले. न्यूयॉर्कमध्ये एडी टॉरेस यांनी साल्साची पावले अंकांत बसवून पद्धतशीर शिकविण्याचे कार्य केले. आज जगभर नवशिक्याला जो आठ अंकांचा धडा दिला जातो, तो अशा स्थलांतरातून व वर्गीकरणातून घडलेला आहे. म्हणजेच ज्यांच्या घरात हे नृत्य नव्हते त्यांच्यासाठीच हा धडा तयार झाला.

२. महाराष्ट्रात नवशिका कोण होऊ शकत असे?

महाराष्ट्रात सामूहिक नृत्याला कधीच तोटा नव्हता. लेझीम, टिपरी, गोफ, झिम्मा, फुगडी, कोळीनृत्य हे प्रकार गावोगावी होते. त्यांसाठी वेगळा वर्ग नव्हता व गुरूही नव्हता. परंतु प्रेक्षकांसमोर सादर होणाऱ्या नृत्याची स्थिती वेगळी होती. तेथे शिकणे हा जात व लिंग यांनी ठरविलेला व्यवहार होता.

तमाशा व संगीतबारी यांतील स्त्रिया मुख्यतः कोल्हाटी व अन्य वंचित समाजांतून येत. त्यांच्या मुलींना नृत्य शिकायचे की नाही हा पर्यायच नव्हता. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी बालपणी आईबरोबर रस्त्यावर गाऊन-नाचून उपजीविका केली व आईकडूनच लावणीचे पहिले धडे घेतले. पुढे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले. मात्र हा सन्मान लाभेपर्यंतच्या काळात लावणी कलावतीच्या शिक्षणाला शिक्षण म्हणून मान्यता नव्हती. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनातून या समाजातील स्त्रियांवर लादल्या गेलेल्या जीवनाचे दाहक चित्र समोर येते.

देवाला वाहिलेल्या जोगतिणी व मुरळी यांचीही स्थिती अशीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात या प्रथेस प्रतिबंध करणारा कायदा केला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला. या कायद्यांचा रोख स्त्रीच्या पराधीनतेवर होता. परंतु नृत्य आणि बदनामी यांची सांगड समाजमनात इतकी घट्ट झाली होती की, प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील मुलींना नृत्य शिकणे दीर्घकाळ अशक्यप्राय राहिले. एका वर्गातील मुलीला नाचणे सक्तीचे होते आणि दुसऱ्या वर्गातील मुलीला ते निषिद्ध होते. स्वेच्छेने नवशिकी होण्याचे स्वातंत्र्य दोघींनाही नव्हते. महाराष्ट्रातील नृत्यशिक्षणाच्या इतिहासातील हा कळीचा मुद्दा आहे.

३. अभ्यासक्रमाचा उदय : कुरुंदवाड ते पुणे

या परिस्थितीत बदल घडविणारा प्रवाह संगीताच्या क्षेत्रातून आला आणि त्याचा उगम आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. बालपणी शोभेच्या दारूच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरज येथे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनविद्या संपादन केली. त्या काळी शिष्याने गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करावी आणि गुरूच्या मर्जीनुसार मिळेल ते घ्यावे, अशी रीत होती. शिकाऊ अवस्था केव्हा संपेल हे शिष्याला ठाऊक नसे.

५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. निश्चित अभ्यासक्रम, ठराविक वेळ, स्वरलिपी, पाठ्यपुस्तके व परीक्षा ही या संस्थेची वैशिष्ट्ये होती. ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके त्यांनी प्रारंभिक विद्यार्थ्यांसाठी तयार केली. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनाही संगीत शिकता यावे असे वातावरण निर्माण करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत पुढे नृत्याचाही समावेश झाला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही श्रेणी आज महाराष्ट्रातील नृत्यविद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. ‘प्रारंभिक’ ही परीक्षा असू शकते, ही कल्पनाच नवशिक्याला प्रतिष्ठा देणारी आहे.

नृत्याच्या क्षेत्रात हे कार्य मादाम मेनका (१८९९–१९४७) यांनी खंडाळा येथील नृत्यालयाद्वारे केले. त्यानंतर रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ मध्ये पुणे येथे ‘नृत्यभारती’ची स्थापना केली. पं. लच्छू महाराज व पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ कथकचे शिक्षण घेतले. मध्यमवर्गीय मराठी मुलींच्या अनेक पिढ्या त्यांच्या वर्गात घडल्या. इझाडोरा डंकन या पाश्चात्त्य नर्तिकेचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले, ही बाब येथे विशेष लक्षणीय ठरते. परंपरेची शिस्त आणि परक्या नृत्यविचाराविषयीचे कुतूहल या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट होते.

अर्थात या प्रवाहाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. अभ्यासक्रमामुळे मध्यमवर्गीय मुलीला नवशिकी होता आले. लावणी कलावतींचे पिढीजात ज्ञान मात्र त्या अभ्यासक्रमाच्या बाहेरच राहिले.

४. लॅटिन ठेक्याचा महाराष्ट्रातील प्रवेश

लॅटिन ठेका महाराष्ट्राच्या कानावर साल्साच्या बऱ्याच आधी पडला. यात गोव्याच्या संगीतकारांचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. गोव्यातील ख्रिस्ती समाजात स्त्री-पुरुषांनी समोरासमोर ओळीत राहून करावयाचा ‘मांडो’ हा संथ नृत्यप्रकार लग्नसमारंभांत रूढ होता. हे वाद्यज्ञान घेऊन अनेक गोमंतकीय वादक मुंबईत आले. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझचे वाद्यवृंद वाजू लागले आणि त्यांबरोबर रुंबासारखे नृत्यप्रकारही आले. मात्र ही नृत्यगृहे युरोपीय, संस्थानिक व श्रीमंत वर्गापुरती मर्यादित होती.

ती मर्यादा चित्रपटाने ओलांडली. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र म्हणजेच रामचंद्र चितळकर (१९१८–१९८२) यांनी पलुस्करांचे शिष्य पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले होते. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांनी लॅटिन वळणाच्या ठेक्यांचा मुक्त वापर केला. आल्दोना येथील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनिओ झेवियर वाझ, हे त्यांचे सहायक होते. कुरुंदवाडपासून निघालेली शिक्षणपरंपरा आणि क्युबापासून निघालेला ठेका यांची गाठ अशा प्रकारे एका मराठी संगीतकाराच्या कामात पडली.

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवान आबाजी पालव म्हणजे भगवानदादा (१९१३–२००२) हे गिरणी कामगाराचे पुत्र होते. त्यांच्या नृत्यात गिरक्या व कसरती नव्हत्या. गुडघे किंचित वाकलेले, पावले छोटी, हात शरीराजवळ आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सहज फिरणारे, असे त्याचे स्वरूप होते. हे नृत्य कोणालाही करता येईल असे प्रेक्षकांना वाटले. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत व लग्नाच्या वरातीत ते पुढील अनेक दशके नाचले गेले. ज्या कामगार वर्गाला नृत्यगृहाचा दरवाजा बंद होता, त्या वर्गाला भगवानदादांनी वर्गाशिवाय व शुल्काशिवाय नवशिका होण्याची संधी दिली, असे म्हणता येईल.

५. नवशिक्याच्या धड्याचे स्वरूप

वरील पार्श्वभूमीवर साल्साच्या प्राथमिक धड्याकडे पाहिल्यास त्यातील बहुतेक तत्त्वे मराठी विद्यार्थ्याला सर्वस्वी अपरिचित नाहीत, असे दिसून येते.

अ) प्रथम श्रवण, नंतर पाऊल : साल्साची गणना आठ मात्रांची असते. नवशिक्याने प्रारंभी न नाचता केवळ टाळी देत या आठ मात्रा ओळखाव्यात. कथकचा विद्यार्थी पायांनी ततकार करण्यापूर्वी हाताने तीनतालाची टाळी व खाली दाखविण्यास शिकतो. त्यामागील हेतूही हाच आहे. सरावासाठी आरंभी संथ गाणी निवडावीत. कथकमध्ये बरोबरीची लय पक्की झाल्याशिवाय दुगुन घेत नाहीत, तोच नियम येथे लागू होतो.

आ) मूळ पाऊल : प्रचलित पद्धतीत नेतृत्व करणारी व्यक्ती पहिल्या मात्रेवर डावा पाय पुढे टाकते, दुसऱ्या मात्रेवर उजव्या पायावर वजन परत घेते आणि तिसऱ्या मात्रेवर डावा पाय जवळ आणते. पाचव्या मात्रेवर उजवा पाय मागे जातो, सहाव्या मात्रेवर वजन डाव्या पायावर येते आणि सातव्या मात्रेवर उजवा पाय जवळ येतो. जोडीदार याच्या उलट दिशेने तीच पावले टाकतो.

इ) रिकामी मात्रा : चौथ्या व आठव्या मात्रेवर पाऊल नसते. नवशिक्यांची सर्वाधिक चूक येथेच होते. पाऊल नाही म्हणून ते मात्राच गाळतात आणि गाण्याच्या पुढे धावतात. आपल्या तालशास्त्रातील ‘खाली’ ही संकल्पना याच्याशी तंतोतंत समान नाही. तरीही ज्या जागी आघात नाही ती जागाही मोजायची असते, ही जाणीव भारतीय तालाच्या विद्यार्थ्याला सहज होते.

ई) वजन व पवित्रा : पावले लहान असावीत, ती खांद्यांच्या रुंदीबाहेर जाऊ नयेत. गुडघे सैल ठेवून वजन पूर्णपणे एका पायावर न्यावे. कंबरेची हालचाल मुद्दाम करू नये. वजन योग्य रीतीने फिरल्यास ती आपोआप होते. नजर पायांकडे नसावी. कोल्हापूरच्या तालमीत नवा मुलगा आला की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवीत नाहीत. माती उकरणे, जोर-बैठका आणि पवित्रा यांतच त्याचे आरंभीचे दिवस जातात. साल्सातही गिरकी ही डावासारखी उशिरा शिकण्याची गोष्ट आहे.

उ) जोडीदाराशी संवाद : नेतृत्व करणाऱ्याने जोडीदाराचा हात ओढू नये. स्वतःच्या शरीराच्या वळण्यातून संकेत द्यावा. दुसऱ्या व्यक्तीने संकेताची वाट पाहावी, अंदाजाने पुढे जाऊ नये. हाताची पकड हलकी पण सजग असावी. या तत्त्वाचे उत्तम देशी उदाहरण म्हणजे मंगळागौरीची फुगडी होय. हातांची फुली घालून दोघी मागे झुकतात, तेव्हा प्रत्येकीचा तोल दुसरीच्या वजनावर अवलंबून असतो. एकीने अवाजवी जोर केला किंवा अचानक हात सोडला तर दोघीही पडतात. परस्परांच्या तोलाची जबाबदारी घेणे, हा युगुलनृत्याचा पहिला धडा मराठी मुली पिढ्यान्‌पिढ्या अंगणात शिकत आल्या आहेत.

ऊ) जोडीदार बदलणे आणि संमती : साल्साच्या वर्गात काही मिनिटांनी जोडीदार बदलण्याची पद्धत आहे. टिपरी व गोफातही खेळणारा एकाच साथीदारापाशी थांबत नाही. प्रत्येक नव्या जोडीदाराबरोबर ताल पुन्हा जुळवावा लागत असल्याने शिकणे जलद होते. मात्र स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचताना विचारून हात पुढे करणे, नकाराचा आदर करणे आणि संगीत संपताच हात सोडणे हे शिष्टाचार पावलांइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्या समाजात नाचणाऱ्या स्त्रीची संमती कधी विचारलीच गेली नाही, त्या समाजात या शिष्टाचाराला केवळ औपचारिकता मानता येणार नाही.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. साल्सा हे एकाच देशाचे शुद्ध नृत्य नसून गुलामगिरी, स्थलांतर व शहरी मिश्रणातून घडलेले नृत्य आहे. त्याचा आठ अंकांचा धडा हा त्या समाजाबाहेरील नवशिक्यांच्या गरजेतून विकसित झाला.

२. महाराष्ट्रात लॅटिन ठेका नव्याने आलेला नाही. गोमंतकीय वादक, सी. रामचंद्र व भगवानदादा यांच्यामुळे तो १९५० च्या दशकापासूनच लोकजीवनात मिसळला आहे.

३. ताल मोजणे, वजन सांभाळणे व जोडीदाराचा तोल राखणे ही साल्साची प्राथमिक तत्त्वे कथक, तालीम, फुगडी व टिपरी यांतून मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाची आहेत. शिक्षकाने या परिचयाचा उपयोग करून घेतल्यास नवशिक्याची भीती कमी होऊ शकते.

४. पलुस्करांच्या अभ्यासक्रमाने व नृत्यसंस्थांनी शिकाऊ अवस्थेला प्रतिष्ठा दिली, परंतु ती सर्व समाजघटकांना समान रीतीने मिळाली नाही. शुल्क आकारणाऱ्या आजच्या शहरी वर्गांबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी एखादी विद्यार्थिनी प्रथमच युगुलनृत्याचा सराव करते, तेव्हा तिची पावले चुकतात आणि ती हसून पुन्हा मोजायला लागते. सक्ती नसताना शिकण्याचे आणि बदनामीच्या भीतीशिवाय चुकण्याचे हे स्वातंत्र्य शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हाटी मुलीला नव्हते आणि ब्राह्मण किंवा मराठा घरातील मुलीलाही नव्हते. नृत्य कोणत्या देशातून आले या वादापेक्षा हे स्वातंत्र्य सर्वांना मिळते आहे किंवा नाही, याची चौकशी शिक्षणसंस्थांनी करणे अधिक अगत्याचे आहे.